ब्राँझचं शिल्प घासू नका

चौकातल्या लाडक्या ब्राँझच्या शिल्पावरचा हिरवट थर पावडरीने घासून काढा, असं कोणीतरी सुचवलंय. कृपया नको! तो घट्ट थरच आतल्या धातूला जपतो. घासला की बारीक काम बोथट होतं. हात लागून लागून पिवळी चकचकीत झालेली नाकं-बोटं ही झीजच आहे. मऊ ब्रश, पाणी, सौम्य साबण पुरे. पूर्ण वाळल्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (पेट्रोलियमपासून बनणारं, अतिशय बारीक स्फटिकांचं मेण) पातळ हात द्या. जाड मेणात धूळ रुतते. बोटाला फिकट हिरवी भुकटी लागली, तर मात्र संवर्धकालाच (कलावस्तू जपणाऱ्या तज्ज्ञालाच) बोलवा, बहुधा क्लोराइडने (मिठासारख्या क्षारांतल्या घटकाने) धातू खाल्ला जातोय. आणि तळाची निचऱ्याची भोकं आधी तपासा. ती बुजली की पोकळीत पाणी साचतं, आतला लोखंडी सांगाडा गंजून फुगतो आणि ब्राँझ तडकतं.