आईचं 'हं, चला' आता माझ्या तोंडी

परवा खुर्चीतून उठताना तोंडून 'हं, चला' निघालं आणि मी तिथेच थबकले. हे शब्द माझे नाहीत, आईचे. जायचं कुठेच नसायचं, पण उठताना ती हटकून म्हणायची. आम्ही भावंडं विचारायचो, "कुठे?" ती म्हणायची, "कुठे नाही गं, उठतेय नुसती." आता मुलगा मला विचारतो, "कुठे?" आणि माझं उत्तरही तेच. पन्नाशी ओलांडल्यापासून असं बरंच काही वर येतंय. तुमच्यात कोण कोण डोकावतं? सांगा ना. अगदी बारीकसं असलं तरी चालेल, मला तर बारीकच आवडेल.

*

आमच्याकडे कुलूप! वडील कुलूप लावून तीनदा ओढून बघायचे, चार पावलं गेले की परत यायचे. मी फार चिडायचो. आता मी दोनदा ओढतो आणि तिसऱ्यांदा बायको ओढते. तिच्या माहेरी असलं काही नव्हतं, माझ्याबरोबर राहून तिला लागलं. म्हणजे सगळंच रक्तातून येतं असं नाही, एका छपराखाली राहूनही येतं.

*

हाक मारताना नावांची माळ. आई मला बोलवताना आधी मावशीचं, मग ताईचं, मग कुत्र्याचं नाव घेऊन शेवटी माझ्यावर यायची. मी अजून कुत्र्यापर्यंत पोचले नाहीये, पण धाकटीला हाक मारताना बहिणीचं नाव येतंच. मला त्यात माया दिसते. जीवाभावाची सगळी नावं एकाच कप्प्यात असतात, हात घातला की शेजारचं आधी हाती लागतं.

*

माझं जरा वेगळं आहे. सुईत दोरा ओवताना माझी जीभ डाव्या कोपऱ्यातून बाहेर येते. तरुणपणी कधी लक्षात आलं नव्हतं. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं झालं, दोरा ओवायला वेळ लागायला लागला, तेव्हा एकदा आत्या समोर बसली होती. ती बघतच राहिली. म्हणाली, "दादा अस्साच करायचा." माझे वडील मी सात महिन्यांची असताना गेले. मी त्यांना पाहिल्याचं मला आठवणं शक्यच नाही, मग शिकले कुणाकडून? त्या दिवशी आम्ही दोघी खूप रडलो आणि मग खूप हसलो.

पुढे या विषयावर मिळेल ते वाचलं. इस्रायलमधल्या हैफा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. २१ जन्मांध माणसं आणि त्यांचे ३० नातेवाईक. राग, दुःख, एकाग्रता अशा वेळचे त्यांचे चेहरे ताडून पाहिले, तर ज्यांनी घरच्यांचा चेहरा जन्मात पाहिला नाही त्यांचे हावभावही आपल्याच घरच्यांशी जुळले. माझ्या जिभेचं कारण नेमकं हेच, असं मी म्हणणार नाही. पण ते वाचल्यापासून सुई हातात घेतली की मला एकटं वाटत नाही.

*

वरचं वाचून डोळे भरले. आमचं साधंच आहे : अंधारातून उन्हात पाऊल टाकलं की शिंका. आजोबा, काका, बाबा, मी, आणि आता लेक. ही खरोखरच आनुवंशिक गोष्ट आहे, आईवडिलांपैकी एकाकडून आली तरी पुरते. दारातून बाहेर पडताना आम्ही ओळीनं शिंकतो.

*

वडील घड्याळात नवीन सेल घातला की त्यावर पेनानं तारीख लिहायचे. बल्बवरही, बादलीच्या बुडावरही. मला हे कधीच जमणार नाही असं वाटायचं. ते गेल्यानंतर अकरा महिन्यांनी भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. सेल काढला तर त्यावर त्यांचं अक्षर. म्हणजे त्यांनी घातलेल्या सेलवर ते इतके दिवस चाललं होतं.

नवीन सेल आणला आणि काही न ठरवता मी पेन शोधायला लागलो. तारीख लिहिली. त्यात नऊचा आकडा होता, तो त्यांच्यासारखाच खाली शेपूट लांबवलेला आला. मुलगी शेजारी उभी होती. तिनं विचारलं, "तारीख कशाला, बाबा?"

"किती दिवस चालला ते कळतं गं," मी म्हटलं, आणि जुना सेल तिच्या हातात दिला.