हात उगारता येत असताना तो न उगारणे, याला भ्याडपणा म्हणावे का?

माळरान यांचा प्रश्न:

आमचा आणि चुलत्यांचा बांध सामाईक आहे. दरवर्षी नांगराचे एखादे तास पुढे सरकवून त्यांनी तो कोरत आणला आहे. गेल्या वैशाखात वडील याबद्दल विचारायला गेले, तेव्हा चुलतभावाने त्यांना ढकलले. ते दगडावर पडले आणि त्यांचे मनगट मोडले. संध्याकाळी धाकटा भाऊ चार मित्रांना घेऊन अंगणात उभा राहिला आणि माळ्यावरचा कोयता खाली आला. तेव्हा गळ्यात हात अडकवलेले वडील उंबऱ्यातच पाट टाकून बसले आणि एवढेच म्हणाले, "माझ्या अंगावरून जा." कोणीही गेले नाही.

आता पारावर आम्ही शेपूट घातल्याची चर्चा असते आणि भाऊ वडिलांशी बोलत नाही. मला स्वतःला त्या संध्याकाळी सुटल्यासारखे वाटले होते, आणि त्या सुटकेचीच आज लाज वाटते. वडिलांनी शांतता निवडली की भीतीला शांततेचे नाव दिले, हे ओळखावे कसे?

कोकणवाट यांचे उत्तर:

आपला प्रश्न वाचताना मला महाड आठवले, कारण तेथे हाच प्रश्न एका दुपारी हजारो माणसांसमोर उभा राहिला होता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 साली संमत केला आणि पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले; पण ते खुलेपण कागदावरच राहिले. 20 मार्च 1927 रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे प्रतिनिधी डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी खोटी आवई उठली. परिषद आटोपून माणसे परतीच्या तयारीत होती, काही जण मंडपात जेवायला बसले होते. त्यांच्यावर जमाव लाठ्या घेऊन तुटून पडला आणि त्याने पानांतले अन्न मातीत मिसळले. गावात एकटेदुकटे सापडलेल्यांना मार बसला, आणि काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला.

डॉ. आंबेडकर त्या वेळी डाक बंगल्यात होते. त्यांच्याभोवती संतापलेली माणसे जमली आणि ती केवळ एका शब्दाची वाट पाहत होती. परिषदेला आलेल्यांत फौजेतून निवृत्त झालेले पेन्शनर होते, हे विसरता कामा नये. ज्यांनी बंदूक हाताळली आहे, त्यांना लाठी धरता येत नव्हती असे कोणी म्हणणार नाही. तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. त्यांनी माणसांना आवरले आणि हल्लेखोरांवर खटले भरले जातील असे पाहिले. त्याच वर्षी पाच जणांना प्रत्येकी चार महिने सक्तमजुरी झाली.

त्या दुपारी उलट मार दिला गेला असता, तर सरकारी दप्तरात "दोन जमावांत दंगल" एवढीच नोंद उरली असती आणि पाण्याचा प्रश्न त्या नोंदीखाली गाडला गेला असता, असे माझे मत आहे. डिसेंबरमध्ये न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम काढला, तेव्हाही सत्याग्रहाला सज्ज होऊन आलेल्या हजारोंना थांबायला सांगणे बाबासाहेबांना सोपे गेले नसणार. तरीही त्यांनी ते सांगितले. मात्र हक्क सोडला नाही. तळ्याच्या पाण्याचा दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो त्यांच्या बाजूने निकाली काढला.

म्हणून आपल्या वडिलांविषयी मी एवढेच विचारीन की, दुसऱ्या दिवशी त्यांनी काय केले?

परखड यांचे उत्तर:

वरील तुलनेला माझी हरकत आहे. महाडला माणूस म्हणून पाणी पिण्याचा हक्क मागितला जात होता. येथे दोन जमीनदार घरांची भाऊबंदकी आहे. शिवाय शांत राहण्याचा उपदेश नेहमी मार खाल्लेल्यालाच का करायचा? ज्याने ढकलले त्या चुलतभावाला पारावर कोणी काही विचारले का? महाडची कथा सांगताना संयमाचे कौतुक पुष्कळ होते, पण नंतर गोमूत्र आणि शेण घालून तळे "शुद्ध" करणाऱ्यांविषयी आपण दोनच वाक्ये बोलतो. संयमाची किंमत कोणी मोजली, हे आधी लिहावे आणि मग त्याचे मोल सांगावे.

एक निवृत्त तलाठी यांचे उत्तर:

परखड यांचा मुद्दा मला मान्य आहे. तरीही नोकरीत पाहिलेले सांगतो. बांधावरून कोयते निघाले की दोन्हीकडून तक्रारी होतात, दोन्हीकडची पोरे आरोपी होतात, आणि वर्षानुवर्षे एकाच एस.टी.ने तारखेला जाऊन न्यायालयाच्या व्हरांड्यात एकमेकांकडे पाठ करून बसतात. बांध नेमका किती कोरला होता, हे तोवर कोणाच्याही ध्यानात राहत नाही. वडिलांनी उलट हात केला नाही, त्यामुळे आपली बाजू अजून स्वच्छ आहे. मनगटावरील उपचाराचे कागद जपून ठेवा, पोलीस ठाण्यात तक्रार दिली नसेल तर द्या आणि भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. मोजणीच्या दिवशी चुलत्यांना हजर राहायला सांगा. खुणा त्यांच्यासमोरच रोवल्या गेल्या पाहिजेत.

माळरान:

सर्वांचा आभारी आहे. "दुसऱ्या दिवशी काय केले" हा प्रश्न मी वडिलांना विचारला. ते म्हणाले की, त्या दिवशी ते तालुक्याला गेले होते, पण कचेरीच्या पायऱ्यांपर्यंत जाऊन परत आले; सख्ख्या भावाचे नाव कागदावर लिहवेना. हे त्यांनी आम्हाला आजवर सांगितले नव्हते. काल मोजणीचा अर्ज भरला. वडिलांना अजून पेन नीट धरता येत नाही, म्हणून मजकूर धाकट्या भावाने लिहिला. लिहिताना तो वडिलांशी गट क्रमांक विचारण्यापुरते बोलला. पोलीस तक्रारीबद्दल मात्र घरात अजून एकमत नाही.