दोन लेपर्ड गेको एका टँकमध्ये: त्या फोटोला उत्तर

निशाचर
लेपर्ड गेको या पाळीव पालीच्या दोन माद्या एकाच हाइडमध्ये, म्हणजे लपायच्या जागेत, एकीच्या पाठीवर दुसरी. खाली ओळ: ‘एकटी उदास दिसायची म्हणून सोबत आणली. वर्ष झालं, एकदाही भांडल्या नाहीत.’ ग्रुपवरच्या कालच्या या फोटोवर बदामांचा पाऊस पडला आणि ‘आम्हीही जोडी आणतो’ म्हणणारे सहा जण निघाले. त्या सहा जणांसाठी लिहितोय.

लेपर्ड गेकोला सोबत लागत नाही. टँकमध्ये उबेची जागा एकच असेल तर दोघी तिथेच जाणार, आणि आपण त्याला कुशीत झोपणं म्हणतो. ‘भांडत नाहीत’ यावर तर मुळीच जाऊ नका. माझ्याकडे एकाच विणीतल्या दोन बहिणी होत्या. चौदा महिने एकत्र, चावा नाही की ओरखडा नाही. रातकिडे सोडायचो, सकाळपर्यंत संपायचे, मी निश्चिंत. एकदा वजन केलं तर एक ६४ ग्रॅम, दुसरी ३७. बारकी कायम थंड बाजूला पाण्याच्या वाटीमागे का बसते, ते तेव्हा कळलं. दुसरा टँक आणायला मी दोन आठवडे लावले आणि तेवढ्यात एका सकाळी तिची शेपूट तुटून पडलेली दिसली. चरबीचा साठा शेपटीतच असतो, तो गेला. नवी आली ती कांद्यासारखी गोल, आत मणके नाहीत, नुसती कूर्चा. वेगळी केल्यावर चार महिन्यांत ५५ ग्रॅमवर आली. म्हणजे खोट तिच्यात नव्हती.

दगडाखाली
तुमच्या बारकीचं वाईट वाटलं, पण चूक तुमच्या टँकची होती. अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या कोरड्या, खडकाळ टेकड्यांत एकाच कपारीत यांचे चार-पाच जण सापडतात. माझ्या तीन माद्या सहा वर्षं एकत्र आहेत. १२० बाय ६० सेंटीमीटरचा टँक, आठ हाइड, त्यातले तीन उबेच्या बाजूला. प्रत्येकीला चिमट्याने वेगळं भरवतो, दर रविवारी वजन करतो. तिघींत चार ग्रॅमांच्या वर फरक पडलेला नाही. स्वतः न मोजता चौदा महिने घालवायचे आणि नियम सगळ्यांना लावायचा, हे मला पटत नाही.

निशाचर
कपारीत जिला त्रास होतो ती रात्री उठून दुसरी कपार गाठते. टँकमध्ये चार पावलांवर काच लागते. तुमचे आठ हाइड असोत की अठरा, ती जाणार कुठे?

शेपटीवाला
सोबतीवर एवढं चाललंय आणि त्या फोटोत खाली मोकळी वाळू आहे, ती कुणालाच दिसली नाही? माझा नर वाळूने गेला. पोटात गोळा झाला होता, एक्स-रेत पांढरा दिसत होता. ‘कॅल्शियमची वाळू आहे, खाल्ली तरी पचते’ असं सांगून विकली होती मला. आधी वाळूवर बोला.

दगडाखाली
कॅल्शियमच्या वाळूबद्दल पूर्ण सहमत. ती चव लागते म्हणून मुद्दाम चाटतात. पण सरसकट वाळूला दोष नको. माती आणि वाळू कालवून, थापून, कडक वाळवलेली जमीन हीच त्यांची खरी जमीन. धडधाकट गेकोच्या पोटात चार कण गेले तर ते बाहेर पडतात. गोळा होतो तो पोट थंड राहिल्यामुळे किंवा अंगात कॅल्शियम कमी असल्यामुळे. उबेच्या बाजूला जमिनीचं तापमान किती होतं तुमच्याकडे?

शेपटीवाला
३३. थर्मोस्टॅट होता. माझं जनावर गेलंय आणि तुम्ही मला तापमान शिकवताय?

दगडाखाली
शिकवत नाही, विचारतोय. ३३ आणि कॅल्शियमची पावडर लावलेले किडे असतील तर वाळू चाटायची ओढ सहसा लागत नाही. काहीतरी राहतंय.

शेपटीवाला
काही राहत नाही! रोज पावडर लावत होतो. दोघांनाही.

आभा
दोघांनाही?

शेपटीवाला
हो. एक मादी होती सोबत. नर नेहमी वाटीच्या बाजूलाच असायचा. मला वाटायचं त्याला गारवा आवडतो.

पावडर लावलेले किडे बहुतेक तीच खात होती. हे मी आजपर्यंत असं जोडून पाहिलंच नव्हतं. तरी ती वाळू विकणाऱ्याला मी माफ करणार नाही.

आभा
तुम्हाला दोष देत नाही. माझंही तेच झालं असतं. ‘दोन माद्या’ म्हणून पिल्लं घेतली आणि सहा महिन्यांनी एकाच्या पोटाखाली, शेपटीच्या मुळाशी, उलट्या व्हीसारखी छिद्रांची रांग ठळक झाली. नर. लगेच वेगळा केला, तरी मादी पुढे किती तरी आठवडे दर खेपेला दोन अशी अंडी घालत राहिली, कारण नराचं बीज ती अंगात साठवून ठेवते. अंड्यांपायी शेपटी पेन्सिलीएवढी झाली होती तिची.

आणि स्वभावाचं कुणी बोलतच नाही. अंडी साधारण २६ अंशांवर उबवली तर बहुतेक माद्या, ३२-३३ ला बहुतेक नर, ३४-३५ ला पुन्हा माद्या. या शेवटच्या माद्या जास्त आक्रमक असतात. विकणारा हे तापमान कधी सांगतो का? दगडाखाली, तुमच्या तिघी शांत निघाल्या हे तुमच्या हाइडइतकंच त्यांच्या अंड्यांमुळे असू शकतं. शिवाय एकीला क्रिप्टो, म्हणजे आतड्यातला परजीवी, लागला तर तिघींना लागणार. नेहमीच्या जंतुनाशकाने तो मरत नाही.

दगडाखाली
तिघी कोणत्या तापमानावर उबवल्या ते मला माहीत नाही. हे मान्य करावं लागेल. नवख्याला मी यापुढे ‘चालतं’ असं म्हणणार नाही. पण माझ्या तिघींना वेगळं करणार नाही. दोन रिकामे टँक गरम ठेवलेले आहेत, गरज पडली तर त्याच रात्री हलवेन.

निशाचर
दोन टँक तयार ठेवणारा माणूस ‘एकत्र चालतं’ म्हणतो, तेव्हा वाचणाऱ्याला ते दोन टँक दिसत नाहीत. माझा राग तेवढ्यावर होता.

काचपेटी
फोटो माझाच होता. आत्ता वजन केलं. ६६ आणि ४१. दुसरा टँक आज मिळणार नाही. तोवर प्लास्टिकचा मोठा डबा चालेल का?

निशाचर
चालेल. झाकणाला आणि बाजूंना भोकं पाडा, तळाला कागदी टॉवेल, एका टोकाखाली हीट मॅट, पण थर्मोस्टॅटशिवाय नको. लपायला दोन जागा, त्यातली एक ओलसर, नाहीतर कात बोटांवर अडकते. डब्यात दांडगीला टाका. बारकीला ओळखीची जागा राहू दे.

दगडाखाली
उलट करा. त्या टँकभर दांडगीचा वास आहे, बारकी तिथे जेवणार नाही. बारकीलाच हलवा.

आभा
कुणालाही हलवा, पण आज रात्रीच.