प्यूजो यूओ-८ वरचे सिम्प्लेक्सचे प्लास्टिक डिरेलर: ठेवावेत की बदलावेत?

माहीमकर
७० च्या दशकातली प्यूजो यूओ-८ ही फ्रेंच सायकल घेतोय. फ्रेम सरळ आहे, गंज वरवरचा. पुढचा-मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) सिम्प्लेक्स प्रेस्टीज, काळ्या प्लास्टिकचे. डाऊनट्यूबवरच्या (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवरच्या) गिअर लिव्हरही प्लास्टिकच्याच. पुढच्या डिरेलरच्या क्लॅम्पवर (नळीभोवती आवळायच्या पट्ट्यावर) बोल्टजवळ केसासारखी रेघ दिसते. सायकल शोभेला नकोय, रविवारी पहाटे वरळी ते नरिमन पॉइंट चालवायची आहे. जो तो म्हणतो, हे प्लास्टिक कचरा आहे, काढून टाका. खरंच सगळं बदलावं लागेल का? ती रेघ चिकटवता येईल?

जुनी_चाकं
पुढचा डिरेलर आजच उतरवा. चिकटवण्याचा विचार सोडा. हे प्लास्टिक म्हणजे डेलरिन, म्हणजे अ‍ॅसिटाल. त्यावर अ‍ॅरल्डाइट धरत नाही, सुपरग्लूही नाही.

पण सरसकट कचरा म्हणणं चूक आहे. ड्यूपाँ कंपनीने डेलरिन १९६० मध्ये बाजारात आणलं आणि फ्रान्समधल्या दिजाँच्या सिम्प्लेक्स कंपनीने ६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ते वापरलं. हलकं, गंजत नाही, अंगचंच गुळगुळीत. रेनॉल्ड्स ५३१ या उंची पोलादी नळ्यांच्या प्यूजो पीएक्स-१० या रेसिंग मॉडेलवरही प्रेस्टीज येत असे, म्हणजे ही स्वस्तातली तडजोड नव्हती. आजही कित्येक डिरेलरच्या पुली अ‍ॅसिटालच्याच असतात आणि कोणी तक्रार करत नाही.

दोष आहे तो क्लॅम्प या जागी. बोल्ट आवळला की पट्टा कायम ताणाखाली राहतो. सततच्या ताणाखाली प्लास्टिक हळूहळू वाहतं, पकड सैल होते, माणूस पुन्हा आवळतो, आणि एक दिवस बोल्टच्या भोकापासून तडा जातो. त्यात फ्रेंच फ्रेमच्या सीटखालच्या नळीचा व्यास २८ मिमी, इंग्लिश नळीचा २८.६. फ्रेंच क्लॅम्प इंग्लिश फ्रेमवर ओढूनताणून बसवला तर तडा ठरलेलाच.

पॅडल_परळ
क्लॅम्पबद्दल सहमत, पण मागचाही निर्धास्तपणे ठेवा असं मी म्हणणार नाही. आधी तपासा. चेन काढा, साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने घासा, उजेडात धरा. हँगर बोल्टभोवती (डिरेलर फ्रेमला टांगणाऱ्या बोल्टभोवती) आणि पिनांच्या टोकांशी पांढुरकी रेघ असेल तर बाद. मग खालचा पिंजरा (दोन पुली धरणारा भाग) बोटांत धरून आत-बाहेर हलवा. सांधे झिजलेले असतील तर तो लुळा पडल्यासारखा डुलतो, आणि गिअर कितीही जुळवले तरी मधल्या दातेरी चाकांवर चेन खरखरते. पिना रिव्हेट केलेल्या असतात, त्यामुळे सांधा उघडून दुरुस्त होत नाही.

दोन्ही ठीक असेल तर ठेवा. वरच्या सांध्यालाही स्प्रिंग देण्याची सिम्प्लेक्सची रचना मला आजही पटते, चेनचा ताण छान राहतो.

मुंबईत आणखी एक पाहा. प्लास्टिक गंजत नाही, पण आतल्या स्प्रिंग आणि पिना पोलादी आहेत. खाऱ्या हवेत त्या गंजून फुगतात आणि भोवतालचं प्लास्टिक आतून फाकवतात. पावसाळ्यात दर राइडनंतर पुसून पातळ तेलाचा एक थेंब प्रत्येक पिनेवर. गंज काढायला अ‍ॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर लावू नका, ब्लीचही नको. अ‍ॅसिटालला दोन्ही खातात. रॉकेल चालतं. सायकल उघड्या गॅलरीत उन्हातही ठेवू नका.

माहीमकर
मागचा घट्ट आहे, रेघ नाही. पुढे शिमानोचा क्लॅम्पवाला डिरेलर मिळतोय, पण तो २८.६ चा आहे.

जुनी_चाकं
चालेल. ०.६ मिमीचा फरक म्हणजे सगळीकडून ०.३. शीतपेयाच्या अ‍ॅल्युमिनियम कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो. क्लॅम्पच्या रुंदीच्या, ८८ मिमी लांब तीन पट्ट्या कापा (नळीचा घेर तेवढाच आहे), धार कानसून घ्या आणि एकावर एक गुंडाळा. पट्ट्यांचे सांधे एका रेषेत येऊ देऊ नका. पुढच्या डिरेलरचा पिंजरा मोठ्या चेनव्हीलच्या (पेडलजवळच्या दातेरी चाकाच्या) दात्यांपासून १ ते ३ मिमी वर ठेवा. लिव्हर फ्रिक्शनच्या आहेत (ठरलेले टप्पे नसतात, घर्षणाने जागी राहतात), त्यामुळे कुठलाही डिरेलर जुळतो. मात्र नव्या केबलच्या टोकाचा गोळा लिव्हरच्या खोबणीत पूर्ण बसतो का बघा. अडकला तर गोळा कानसा, खोबण नाही.

पॅडल_परळ
पुढेमागे मागचाही बदलायची वेळ आली तर आधी ड्रॉपआउट (मागचं चाक बसतं तो फ्रेमचा खाचेचा भाग) पाहा. हँगर (डिरेलर टांगायची जागा) नटबोल्टने लावलेल्या पट्टीचा असेल तर नव्या डिरेलरसोबत पट्टीही बदला, प्रश्न मिटला. हँगर फ्रेमचाच असेल तर सिम्प्लेक्सच्या भोकाला आटे नसतात आणि डिरेलर अडायला खाचही नसते. १० × १ मिमीचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवावा लागतो. नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात टॅप मागताना आट्यांचं माप स्पष्ट सांगा, नाहीतर नेहमीचा १० × १.५ हातात पडेल. टॅप मारताना तेल सोडा, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मग घड्याळातल्या सातच्या जागी कानसने खाच पाडा.