जुन्या गाडीचा कॅटकॉन (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपमधला धूर स्वच्छ करणारा डबा, थोडक्यात कॅट) गेलाय का? बदलण्याआधी काय तपासू?

प्रश्न:
गाडी २००६ ची, पेट्रोल, १,८४,००० किमी झालेत. वडिलांनी घेतलेली आहे, त्यामुळे गाडी विकून टाकायचा विषयच नाही. तीन आठवड्यांपासून चेक इंजिनचा दिवा लागलाय, स्कॅनरवर पी०४२०, म्हणजे कॅट नीट काम करत नसल्याचा कोड. त्याआधी महिना-दीड महिना गाडी मिसिंग करत होती (मिसफायर, सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नव्हतं). प्लग बदलले, बरंच कमी झालं, म्हणून तशीच चालवत राहिलो. आता चढाला तिसऱ्या गिअरमध्ये दम तुटतो, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी काटा ८० च्या पुढे सरकत नाही. सकाळी गाडी सुरू केली की खालून खुळखुळ आवाज येतो. एक मेकॅनिक म्हणतो नवीन कॅट टाका, दुसरा म्हणतो आतली जाळी फोडून पोकळ करून देतो. आधी काय बघू?

उत्तर १:
तुमच्या लिहिण्यात मला खटकली ती मिसिंगची ओळ. न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळते. माझ्या गाडीचं हेच झालं. कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) अधूनमधून दगा देत होती, ती न बदलताच मी नवा कॅट बसवला आणि चार महिन्यांत तोही गेला. काढल्यावर एका बाजूने टॉर्च मारली. बारीक भोकांच्या जाळीतून पलीकडे उजेड दिसायला हवा. कडेला दिसलाही, पण मधोमध काळपट, काचेसारखा गोळा झाला होता. बोट फिरवलं तर गुळगुळीत. तो तुकडा मी अजून जपून ठेवलाय.

म्हणून आधी मिसफायरचे कोड बघा. पी०३०३ असेल तर तिसरा सिलिंडर. त्याची कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर टाका. कोड तिच्यामागे गेला तर कॉइल खराब. गाडी ऑइल खाते का, कूलंट कमी होतं का, तेही बघा, कारण दोन्हींमुळे कॅट आतून मरतो.

मग स्कॅनरवर दोन्ही ऑक्सिजन सेन्सर, कॅटच्या पुढचा आणि मागचा, यांचे आकडे शेजारी शेजारी लावा. इंजिन नीट तापल्यावर पुढचा साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वरखाली होतो, मागचा ०.६-०.७ च्या आसपास जवळजवळ स्थिर हवा. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल तर कॅटमध्ये ऑक्सिजन धरून ठेवायची ताकद उरलेली नाही.

दम तुटतो ते मात्र चोंदल्याचं लक्षण. इनटेक मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांना) व्हॅक्यूम गेज जोडा. आयडलला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम असतं. २५०० आरपीएमवर धरून ठेवा. काटा हळूहळू खाली घसरत राहिला तर धुराला वाट नाही. खात्री हवी तर पुढचा सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावा. २५०० वर ३ पीएसआयच्या वर गेलं तर अडथळा आहेच. खुळखुळ आवाजासाठी गाडी थंड असताना रबरी हातोडीने कॅटवर हलकं ठोकून ऐका.

उत्तर २:
पोकळ करायचा विचार सोडूनच द्या. कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तसेच बाहेर पडतील, आणि दिवाही जाणार नाही. आणखी एक बघा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांचं) पॅकिंग कुठे लीक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर चुकीचं वाचतात. थंड इंजिन सुरू केल्या-केल्या टिकटिक आवाज येतो का ते ऐका. पॅकिंग बदलून काम झालं तर कॅट वाचेल.

उत्तर ३:
बदलायचाच झाला तर कामाचं सांगते, मी स्वतः दोनदा बदललाय. आदल्या रात्री बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी पुन्हा मारा. पाना अर्धा फेरा सोडायचा, पाव फेरा परत आवळायचा, असं करत काढा. एका झटक्यात ओढलं की स्टड तुटतो आणि पुढचा अर्धा दिवस ड्रिलमध्ये जातो. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका, स्टँड लावाच.

नवीन कॅटवरचा बाण धूर ज्या दिशेने जातो तिकडे हवा. पॅकिंग नवीनच घ्या. सगळे बोल्ट आधी हाताने लावा, पाइप सरळ बसला का बघा, मग आवळा. सेन्सरच्या आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) अगदी पातळ लावा, टोकाला थेंबही लागता कामा नये. पहिल्यांदा तापताना थोडा धूर आणि वास येईल, घाबरू नका. जुना कॅट भंगारात देऊ नका, आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, रीसायकल करणाऱ्याकडेच द्या.

प्रश्नकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. गेज लावलं. आयडलला १८, २५०० वर धरलं तर अर्ध्या मिनिटात ११. कोड पी०३०३ निघाला आणि कॉइल हलवल्यावर पहिल्या सिलिंडरवर गेला. प्लग बदलले तेव्हा कॉइलकडे बघितलंच नव्हतं, याचं फार वाईट वाटलं. कॉइल, कॅट आणि पॅकिंग तिन्ही बदललं. एक स्टड तुटलाच. जुन्या कॅटची अर्धी जाळी सुटून आडवी पडली होती, खुळखुळ तिचीच होती. कोड काढून आज १४० किमी चालवली. मागचा सेन्सर ०.६५ वर उभा आहे, आणि त्याच चढाला गाडी तिसऱ्या गिअरमध्ये दम न सोडता वर गेली. वडील शेजारी बसले होते.