टमी टक: मिनी की फुल? आधी बेंबीच्या वर बघा
टमी टक म्हणजे पोटाची सैल कातडी काढायची शस्त्रक्रिया. ‘मिनी टमी टकमध्ये व्रण लहान, म्हणून तीच बरी’ असं काहीजण म्हणतात, ते अर्धंच पटतं. मिनीत फक्त बेंबीखालची कातडी निघते. उभं राहून, किंचित पुढं वाकून बेंबीच्या वरची कातडी चिमटीत धरा. तिथं घडी लोंबत असेल तर मिनीनं ती तशीच राहणार. मग फुल टमी टकच हवी: कंबरेच्या एका हाडापासून दुसऱ्यापर्यंत छेद, बेंबी नव्या जागी, आणि बाळंतपणात फाकलेले पोटाचे स्नायूही मधोमध शिवून घेता येतात. खूप वजन उतरून कातडी आडवीही सैल झाली असेल तर आणखी एक उभा छेद द्यावा लागतो. दोन्ही छेद मिळतात त्या टोकाला रक्त कमी पोचतं, जखम उसवली तर बहुतेक तिथंच.

आणि एक मुद्दा राहूनच जातो, तो मिसरीचा. आपल्या कोल्हापूरकडं सर्जननं ‘सिगारेट ओढता का?’ विचारलं की बायका ‘नाही’ म्हणतात, आणि ते खरंच असतं. पण मिसरीतलं निकोटिनही रक्तवाहिन्या आवळतं. टाक्यांच्या कडेची कातडी काळी पडून मरू शकते. किमान ४ आठवडे आधी आणि तितकेच नंतर मिसरी, मावा पूर्ण बंद. विचारलं नाही तरी आपणहून सांगा.