मदत हवी आहे: आईचा सीआरपी नॉर्मल, पण सांधे सुजलेलेच. रिपोर्ट चुकला का?

कोरा_कागद
आईला आरए (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, सांध्यांचा आजार) आहे, बरीच वर्षं झाली. अँटी-सीसीपी (या आजाराची रक्तातली खूण) पॉझिटिव्ह. या वेळचा सीआरपी ०.६ आणि ईएसआर (सूज दाखवणारी दुसरी रक्ततपासणी) ६. दोन्ही एकदम चांगले. पण सकाळी तिची मूठ वळत नाही, मनगटं सुजलीत, उजवा गुडघा तर चांगलाच फुगलाय. ओपीडीतल्या ज्युनिअर डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, "छान कंट्रोल आहे" म्हणाले आणि पुढची तारीख दिली. आई घरी येऊन रडली. म्हणे, मी काय खोटं सांगतेय का? सीआरपी म्हणजे सूज मोजायची टेस्ट ना? मग सूज डोळ्यांना दिसतेय आणि कागदावर नाही, असं कसं? ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनी सांगा, आणि लवकर सांगा प्लीज.

टाचणी
आधी लॅब बदला. माझ्या मावशीचे दोन लॅबचे आकडे कधीच जुळत नाहीत. उद्याच दुसरीकडे रक्त द्या.

जुना_पिंपळ
वय काय आईचं? एकच गुडघा जास्त सुजलाय म्हणजे युरिक ॲसिड बघून घ्या. सोबत व्हिटॅमिन डी पण. बहुतेकांचं कमीच असतं.

मधला_बाक
कोणती औषधं चालू आहेत, हे सांगितल्याशिवाय या रिपोर्टचा अर्थ लावता येणार नाही.

कोरा_कागद
वय ६३. औषधं नेहमीचीच हो. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, बाकी फॉलिक ॲसिड. माझा प्रश्न रिपोर्टचा आहे, औषधांचा नाही. टाचणी, याच लॅबमध्ये आधी सीआरपी ४८ आला होता, तेव्हा तो बरोबर होता.

मधला_बाक
नुसत्या मेथोट्रेक्सेटवर सीआरपी इतका खाली आला असता, तर बहुधा सांधेही निवळले असते. आणखी काही नक्की चालू असणार. इंजेक्शन? बायोलॉजिक (सूज वाढवणारं एखादं प्रथिन अडवणारं औषध)? 'जॅक' एन्झाइम अडवणारी गोळी?

उंबरठा
मला स्वतःला आरए आहे म्हणून लिहिते. ताई, आईच्या सांगण्यावर विश्वास ठेवा. सकाळचा आखडलेपणा तासाच्या वर टिकत असेल तर आजार जागा आहे, कागद काहीही म्हणू दे. मला मेणाच्या शेकानं आणि फिजिओथेरपीनं फार फरक पडला, तेही सुरू करा.

कोरा_कागद
हो, महिन्यातून एकदा सलाईनमधून एक औषध देतात. टोसिलिझुमॅब. ते सुरू केल्यापासूनच रिपोर्ट चांगले यायला लागले. सुरुवातीला सांधेही बरे होते. पण त्याचा लॅबच्या टेस्टशी काय संबंध?

मधला_बाक
सगळा संबंध तिथेच आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण नुसतं 'औषधामुळे' म्हणून भागणार नाही, तुम्हाला डॉक्टरांशी बोलायचंय.

सीआरपी सांध्यात तयार होत नाही, यकृतात होतो. सांध्याच्या अस्तरातल्या मॅक्रोफेज आणि फायब्रोब्लास्ट पेशी आयएल-६ नावाचं प्रथिन सोडतात. ते रक्तातून यकृतापर्यंत जातं आणि तिथल्या पेशींवरच्या आयएल-६ रिसेप्टरला चिकटतं. मग जीपी-१३० हे दुसरं प्रथिन त्यांना येऊन मिळतं. त्याच्या आतल्या शेपटीला जॅक-१ हे एन्झाइम बांधलेलं असतं, ते स्टॅट-३ या निरोप्या प्रथिनावर फॉस्फेट चढवतं. स्टॅट-३ ची जोडी केंद्रकात जाते आणि सीआरपीचं जनुक कामाला लागतं. फायब्रिनोजेनही याच रस्त्यानं वाढतं आणि ईएसआर मुख्यतः त्याच्यामुळे चढतो.

टोसिलिझुमॅब नेमकं त्या रिसेप्टरवर जाऊन बसतं. आयएल-६ कितीही असो, यकृताला तो निरोप मिळतच नाही. म्हणजे सीआरपी आणि ईएसआर दोन्ही खाली. रिपोर्ट चुकलेला नाही, पण या औषधावर तो सांध्यांची खबर देत नाही. बेलची वायर काढून ठेवली म्हणून दारात कोणी आलंच नाही असं होत नाही ना, तसं.

टाचणी
हे सगळं पुस्तकातलं झालं. तरी एकदा दुसऱ्या लॅबमध्ये करून बघायला काय हरकत आहे?

सांजवारा
मग थेट आयएल-६ चीच टेस्ट करा की. अलीकडे होते ती सगळीकडे.

मधला_बाक
नका करू. टोसिलिझुमॅबवर रक्तातलं आयएल-६ उलट वाढलेलं दिसतं. एरवी पेशी ते रिसेप्टरला धरून आत ओढून संपवतात. रिसेप्टरच अडवला की ते रक्तात साचतं. तो आकडा बघून घरात नुसती घबराट होईल.

कोरा_कागद
बरं, यकृताचं समजलं. पण आयएल-६ अडवलंय तर सांध्यातली सूजही जायला हवी ना? तिथे का नाही गेली?

डोंगरवाट
कारण मूळ टीएनएफ (सूज पेटवणारं आणखी एक प्रथिन) आहे, आयएल-६ नंतर येतं. सांध्याच्या अस्तरातल्या पेशी लॅबमध्ये वाढवून त्यात टीएनएफ अडवलं की आयएल-१ (तसंच आणखी एक प्रथिन) आणि आयएल-६ दोन्ही खाली येतात, हे फेल्डमन आणि मैनी यांच्या लंडनच्या गटानं दाखवलं आणि त्याच जोरावर १९९२ मध्ये पेशंटना टीएनएफविरोधी अँटिबॉडी द्यायला सुरुवात केली. तुमच्या डॉक्टरांनी टीएनएफचं इंजेक्शन आधी द्यायला हवं होतं. माझ्या भावाला त्यानंच पायावर उभं केलं.

मधला_बाक
इतिहास बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही. टीएनएफ हेच सगळ्यांचं मूळ असतं तर टीएनएफ अडवून सगळेच बरे झाले असते. तसं होत नाही. दिसायला आजार एकच, पण सांध्याचं अस्तर सुईनं काढून तपासलं तर कुणात बी पेशींची गर्दी, कुणात मॅक्रोफेज, कुणात फायब्रोब्लास्टच जास्त. कोणता रस्ता वाहता आहे ते माणसागणिक बदलतं.

कोरा_कागद, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. टीएनएफ जॅकचा रस्ता वापरत नाही. ते स्वतःच्या रिसेप्टरला चिकटतं आणि आतून आयकेके नावाची एन्झाइम एनएफ-कप्पा-बी या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला मोकळं करतात. शिवाय पी-३८ आणि जेएनके हे आणखी दोन फाटे आहेतच. आयएल-१ ही शेवटी एनएफ-कप्पा-बी पर्यंतच पोचतं. त्यातून कूर्चा खाणारी एमएमपी एन्झाइम आणि हाड पोखरणाऱ्या पेशींना बोलावणारं रँक-एल तयार होऊ शकतं. आयएल-६ चं दार बंद असताना सांध्यात हे चालू राहू शकतं आणि यकृताला त्याचा फारसा पत्ता लागत नाही.

डोंगरवाट
म्हणजे शेवटी टीएनएफच चालू आहे, असंच म्हणताय ना?

मधला_बाक
'असू शकतं' म्हणतोय. इथे बसून कुणालाच सांगता येणार नाही.

सांजवारा
पी-३८ वरून आठवलं, त्याच्यावरही गोळ्या काढल्या होत्या ना? त्या मिळतात का?

मधला_बाक
काढल्या होत्या, आरएमध्ये चालल्या नाहीत. सुरुवातीला सीआरपी उतरायचा आणि औषध चालू असतानाच पुन्हा चढायचा. एक फाटा बंद केला की पेशी दुसऱ्यानं जाते. पण हा वेगळा विषय आहे.

खडीसाखर_७
माझी बोटं मोडताना आवाज येतो. वय ३१. ही आरएची सुरुवात असेल का?

उंबरठा
नुसत्या आवाजानं काही होत नाही. सूज किंवा सकाळी आखडणं असेल तर दाखवा. आणि स्वतंत्र धागा काढा, इथे ताईंना अडचण आहे.

ताई, एक विचारायचं राहिलं. तो उजवा गुडघा आणि बाकीचे सांधे सारखेच सुजलेत की गुडघ्याचं काही वेगळं आहे?

कोरा_कागद
गुडघा वेगळाच आहे. परवापासून गरम लागतोय, बाकीचे तसे नाहीत. आई पाय टेकवत नाही, पण तिला तशीही चालायला त्रास होतोच. ताप नाहीये. मी ते मूळ पोस्टमध्ये लिहिलं नाही कारण आरएमध्ये सांधे गरम असतातच ना?

मधला_बाक
आजच दाखवा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. मी इथे जे काही लिहिलं ते सगळं बाजूला ठेवा.

एकच सांधा अचानक सुजला, गरम झाला आणि त्यावर भारच देता येत नाही, तर सांध्यात जंतुसंसर्ग नाही ना, हे आधी बघावं लागतं. आरएच्या माणसांना तो धोका जास्त. टोसिलिझुमॅबवर तर तो लपतो. ताप येईलच असं नाही, सीआरपी चढत नाही, आणि पांढऱ्या पेशी या औषधानं कमी होतात, त्यामुळे तोही आकडा साधा दिसू शकतो. सुईनं सांध्यातलं पाणी काढून तपासणं, हाच खरा मार्ग. जंतू असतील तर काही दिवसांत कूर्चा जाते.

टाचणी
उगाच घाबरवू नका हो त्यांना. आरएमध्ये गुडघा गरम होतोच.

उंबरठा
टाचणी, घाबरवण्यासाठी नाही लिहिलंय. माझ्या ओळखीत असंच 'नेहमीचं दुखणं' म्हणून थांबले आणि गुडघा उघडून धुवावा लागला. ताई, जा. जाताना टोसिलिझुमॅबच्या शेवटच्या डोसची तारीख सोबत ठेवा आणि ती आधी सांगा, विचारायची वाट बघू नका. शेक अजिबात देऊ नका, मी वर लिहिलेला मेणाचाही नाही.

जुना_पिंपळ
पाणी काढतीलच तर त्यातच युरिक ॲसिडचे क्रिस्टलही बघायला सांगा. मी ते उगाच म्हटलं नव्हतं.

मधला_बाक
हे मात्र बरोबर. पेशी, क्रिस्टल आणि कल्चर (जंतू वाढतात का ते बघणं) तिन्हींसाठी नमुना एकाच वेळी जातो. अँटिबायोटिक द्यायची झाली तरी पाणी आधी काढलेलं बरं, नाहीतर कल्चर फसतं.

कोरा_कागद
गेलो होतो, त्याच रात्री. या वेळी मोठ्या डॉक्टरांनी बघितलं. टोसिलिझुमॅबचं नाव ऐकताच त्यांनी सीआरपीचा कागद बाजूला ठेवला आणि सगळे सांधे एकेक दाबून बघितले. गुडघ्यातून पिवळं गढूळ पाणी निघालं, मोठी सिरिंज भरली. कल्चरचा रिपोर्ट येईपर्यंत आईला ठेवून घेतलं होतं. जंतू वाढले नाहीत, क्रिस्टल नाहीत. मनगटाची आणि गुडघ्याची डॉप्लर सोनोग्राफी केली, त्यात अस्तर जाड झालंय आणि त्यात रक्तप्रवाह वाढलाय असं दिसलं. म्हणजे आजारच चालू आहे. आई म्हणाली, आता तरी पटलं ना सगळ्यांना.

त्यांनी 'सीडीएआय २७' असं लिहिलंय. ते काय? आणि औषध बदलायचं म्हणतात. टीएनएफचं इंजेक्शन किंवा जॅकची गोळी, विचार करून सांगा म्हणाले. आईला गोळी हवीय, सुया नकोत. गोळीवर तरी सीआरपी खरा येईल का?

डोंगरवाट
टीएनएफच घ्या. मी आधीपासून तेच सांगतोय.

मधला_बाक
जंतू नाहीत हे वाचून बरं वाटलं.

सीडीएआय म्हणजे दुखणारे सांधे, सुजलेले सांधे, पेशंटचं स्वतःचं मत आणि डॉक्टरांचं मत, यांची साधी बेरीज. मोजायचे सांधे २८, दोन्ही मतं ० ते १० मध्ये. यात रक्ताची टेस्टच नाही, म्हणून अशा औषधांवर हाच आकडा कामाचा. २२ च्या वर म्हणजे आजार जोरात, २.८ किंवा खाली म्हणजे शांत. दर वेळी हा आकडा लिहून मागा.

गोळीचं म्हणाल तर सीआरपीवर तेव्हाही पूर्ण विसंबता येणार नाही. यकृतातला आयएल-६ चा निरोप जॅक-१ मधूनच जातो, त्यामुळे या गोळ्यांनी सीआरपी थेट खाली येतो. टीएनएफच्या इंजेक्शनवर मात्र तो बऱ्यापैकी भरवशाचा राहतो, कारण ते औषध यकृताचा रस्ता सरळ अडवत नाही.

निवड मात्र सीआरपीवरून करू नका. आईला हृदयाचा त्रास, पायात किंवा फुप्फुसात गुठळी, कॅन्सर, धूम्रपान यातलं काही आहे किंवा होतं का? ५० च्या पुढच्या आणि हृदयविकाराचा किमान एक धोका असलेल्या पेशंटमध्ये टोफासिटिनिबची टीएनएफच्या औषधांशी तुलना झाली, तेव्हा गोळीच्या बाजूला हार्ट अटॅक, कॅन्सर आणि गुठळ्या जास्त निघाल्या. २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं त्यावरून कडक इशारा दिला. शिवाय या गोळ्यांवर नागीण जास्त होते, तिची लस आधी घेता येईल का तेही विचारा. टीबीची तपासणी दोन्हींच्या आधी लागते.

कोरा_कागद
बीपीची गोळी चालू आहे, आणि आईला एकदा पायात गुठळी झाली होती. हे डॉक्टरांना सांगितलेलं नाही, जुनी गोष्ट म्हणून.

उंबरठा
उद्या सकाळी फोन करून सांगा. गोळी लिहून देण्याआधी.